कोरा घोडा शिकवायला घेताना: पाठीवर बसण्याआधी काय, कोणत्या क्रमानं

पुण्याच्या आसपास दरवर्षी ठरलेला प्रकार होतो. दत्तजयंतीच्या सारंगखेडा यात्रेतल्या घोडेबाजारातून कोवळं मारवाडी जातीचं शिंगरू येतं, मुळशीकडं किंवा वाघोलीच्या पुढं कुणाच्या फार्महाऊसवर बांधलं जातं. आठवडाभर गूळ-हरभऱ्याचे लाड होतात आणि मग एका रविवारी खोगीर टाकून घरातलं पोरगं वर चढवतात. पोरगं खाली, खोगीर पोटाखाली, आणि घोड्यावर ‘खोडी आहे’ असा शिक्का. खोडी असते ती क्रमात. स्वारी ही या कामातली शेवटून दुसरी पायरी आहे. तिच्याआधी सहा पायऱ्या जमिनीवर उभं राहून करायच्या असतात.

सगळ्या पायऱ्यांना एकच नियम लागू पडतो. घोडा दाबामुळं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणामुळं शिकतो. दोरी ताणली, त्यानं अर्धं पाऊल टाकलं आणि तुम्ही सेकंदाच्या आत दोरी सैल सोडली, तर त्याला कळलं. तीन सेकंद उशीर केलात, तर त्या वेळी तो जे करत असेल (मान झटकणं, मागं ओढणं) तेच तो शिकला.

## आधीची तयारी

वय दातांवरून बघा. विकणारा ‘तीन वर्षांचं’ म्हणतो, पण ओठ उचलून बघायला वेळ लागत नाही. समोरचे मधले पक्के दात साधारण अडीच वर्षांनी येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. मधले पक्के दातच दिसत नसतील तर पहिल्या तीन पायऱ्यांपुढं जाऊ नका, आणि गोल फिरवणंही चालीपुरतंच ठेवा. पुढच्या पायांच्या गुडघ्यांवरची हाडांची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते. पाठीच्या मणक्यांची तर साडेपाचपर्यंत. म्हणून जमिनीवरचं शिक्षण दोन वर्षांपासून, हलकी स्वारी तिसरं पुरं झाल्यावर, आणि दौड-उड्यांचं काम चौथ्या-पाचव्या वर्षापासून.

वजन काढा. काटा नसला तरी टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे किलो. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन ३४४ किलोच्या आसपास. कोवळ्या घोड्यावर त्याच्या वजनाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे खोगिरासकट ५१ किलो. खोगीर सात किलोचं धरलं तर स्वार ४४ किलोचा. ऐंशी किलोच्या मालकानं पहिल्या काही महिन्यांत बागडोर (घोड्याला धरून चालवायची दोरी) धरायची, चढायचं नाही. लहान चणीच्या भीमथडी तट्टाला तर हा हिशोब आणखी कडक.

डॉक्टर आणि नालबंद. धनुर्वाताची लस, शेणाची तपासणी करून जंताचं औषध, आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळं अहवाल येईपर्यंत नवा घोडा दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळा, बादलीसुद्धा वेगळी. तोंड तपासताना दाढांच्या पुढं उगवणारे छोटे वुल्फ टीथ आहेत का ते विचारा. लगामाची तोंडात राहणारी कडी त्यांच्यावर आपटते. ते दुखणं आहे हे न कळता लोक घोड्याला हट्टी ठरवतात. खूर साधारण सहा आठवड्यांनी तासून घ्या. वाळूवर काम चालू आहे तोवर नाल लागत नाहीत.

खुराक कमी करा. दिवसभर बांधलेला, काम काही नाही आणि तोबऱ्यात हरभरा: असा घोडा उधळणारच. ३४० किलोच्या जनावराला सुका चारा रोज पाच ते सात किलो लागतो. पोट कडबा, सुकं गवत आणि बेताच्या लसूण घासावर भरावं. दाणा काम वाढेल तसा वाढवायचा. रोज काही तास मोकळं सोडलंच पाहिजे.

जागा. पन्नास ते साठ फूट व्यासाचं गोल कुंपण, उंची सहा फूट, काटेरी तार अजिबात नको. खाली मुरूम आणि त्यावर तीन-चार इंच वाळू. नुसता मुरूम मे महिन्यात सिमेंटसारखा कडक होतो आणि जूनच्या पहिल्या पावसात निसरडा. गोल कुंपण नसेल तर चौकोनी आवाराचा एक कोपरा बांबूंनी तिरका बंद करून घ्या.

साहित्य. जाड सुती म्होरकी (डोक्याला घालायचा, तोंडात कडी नसलेला साज), बारा फुटी बागडोर, पंचवीस फुटी सपाट पट्ट्याच्या दोन लांब दोऱ्या, खरारा (अंग घासायचा ब्रश), चार फुटी काठी, गुळगुळीत कडीचा साधा लगाम, जाड नमदा (खोगिराखाली घालायची गादी), हलकं खोगीर. काटेरी लगाम आजही काही बाजारांत मिळतात. काट्यांचा लगाम वापरायला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी जिभेवर जखमा झालेला घोडा पुढं कुठल्याच हाताला ऐकत नाही.

माणसं. दोन. हेल्मेट, टाचेचे बूट, हातमोजे. चप्पल घालून रिंगणात येणाऱ्याला परत पाठवा. शिकवणाराही नवखा आणि घोडाही नवखा, ही जोडी सगळ्यात धोक्याची. तुम्ही स्वतः शिकत असाल तर निदान चौथ्या पायरीपासून जाणता चाबुकस्वार (घोडे शिकवणारा) शेजारी उभा हवा.

शब्दही आताच ठरवा. सईस (घोडा सांभाळणारा) ‘हट्’ म्हणतो, मालक ‘थांब’ आणि मुलगी ‘स्टॉप’, अशा घरात घोडा तिघांचंही ऐकत नाही. निघायला ‘चल’, उभं राहायला ‘थांब’, मागं यायला ‘मागं’: तीनच शब्द, कागदावर लिहून तबेल्याच्या दाराला लावा.

> सावधान: बागडोर हाताला गुंडाळू नका. घड्या घालून मुठीत धरा. गुंडाळलेल्या दोरीसकट घोडा पळाला तर बोटं जातात.

## पायरी १: हात लावू देणं आणि म्होरकी

वेळ सकाळी सहा ते आठ. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं, हवं तर दिवसातून दोनदा. तासभर एकच गोष्ट रेटण्यापेक्षा हे कितीतरी भारी.

घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूनं, तिरकं चालत जा. त्यानं कान तुमच्याकडं केले की थांबा, अर्धं पाऊल मागं या. तो उभा राहिला म्हणून तुम्ही मागं आलात, हा त्याचा पहिला धडा. पहिला स्पर्श खांद्यावर. मग मान, पाठ, पोट, पाय. कपाळ थोपटायची घाई असते लोकांना, ते शेवटी.

हात पोटाखाली गेल्यावर तो आखडला तर हात तिथंच ठेवा, दाब वाढवू नका, काढूही नका. अंग सैल पडलं की काढा. पाय उचलताना आधी नुसतं दोन सेकंद, मग पाच, मग दहा. पाय त्यानं हिसकायच्या आधी तुम्ही खाली ठेवायचा.

मारवाडीच्या बाबतीत एक अडचण. त्याचे आत वळलेले कान चहूकडं फिरतात, त्यामुळं नवख्याला ते वाचता येत नाहीत. नाकपुड्या, ओठांचा ताण आणि शेपटी बघा. घट्ट मिटलेले ओठ आणि चिकटून धरलेली शेपूट म्हणजे तो तयार नाही.

जे डाव्या बाजूनं केलं ते सगळं उजव्या बाजूनंही करा. एका बाजूनं शिकलेला घोडा दुसऱ्या बाजूनं कोराच राहतो.

> तपासा: मोकळ्या आवारात म्होरकी घालताना तो मान खाली आणतो का? चारही पाय दहा-दहा सेकंद उचलू देतो का? नसेल तर पुढं जायचं नाही.

## पायरी २: चालणं, थांबणं, मागं सरणं, मागचा भाग वळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पुढं जे जे बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं.

खांद्याशी उभे राहा, ‘चल’ म्हणा, मग बागडोर पुढं ताणा. नाही हलला तर दुसऱ्या हातातल्या काठीनं पोटामागं हलकी टिचकी. आधी शब्द, मग दोरी, मग काठी. हा क्रम कधी उलटा होऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांत नुसत्या शब्दावर पाऊल पडायला लागतं. समोर जाऊन तोंडाकडं बघत ओढलंत तर तो मागंच बसणार.

‘थांब’ म्हणताना स्वतः आधी थांबा. ‘मागं’साठी बागडोर त्याच्या छातीच्या दिशेनं दाबा, वजन मागं गेलं तरी पहिल्या दिवशी तेवढ्यावर सोडा.

आता मागचा भाग वळवणं. हे तुमचं ब्रेक आहे. डाव्या बाजूला उभे राहून त्याची मान थोडी तुमच्याकडं घ्या आणि काठीचं टोक मांडीवर तालात टेकवत राहा, जोपर्यंत त्याचा मागचा डावा पाय उजव्याच्या पुढून ओलांडून जात नाही. पाय ओलांडला की लगेच सगळं सोडा, मान थोपटा. मागचे पाय एकमेकांवर गेलेले असताना घोड्याला उधळायला, झाडायला किंवा मागच्या पायांवर उभं राहायला जोर लावता येत नाही. वर बसल्यावर लगामाच्या एका दोरीनं मान वळवून थांबवायचं ते याच सवयीवर. दोन्ही बाजूंनी, रोज आठ-दहा वेळा.

नेहमीची चूक बहुतेकांना दिसतही नाही. प्लॅस्टिकची पिशवी काठीला बांधून घोड्याची भीती घालवायला निघतात, घोडा उडी मारतो, आणि माणूस घाबरून पिशवी खाली करतो. उडी मारली की पिशवी जाते, एवढंच त्याला समजलं. पिशवी इतक्या लांब धरा की तो फक्त मान वर करेल. तशीच हलवत राहा. पाय थांबले, श्वास सुटला की मगच खाली. मग अर्ध्या हातानं जवळ.

बांधायचं कसं तेही याच पायरीत शिकवा. गाठ एका झटक्यात सुटणारी, उंची त्याच्या खांद्याच्या उंचवट्याएवढी, दोरी हातभर. बांधायच्या कड्यात आधी सुतळीचा फासा घालून त्याला बागडोर बांधा. घाबरून मागं बसला तर सुतळी तुटेल, मान नाही. लगामाला धरून कधीच बांधू नका.

## पायरी ३: गोल फिरवणं

क्लबात ज्याला लाँजिंग म्हणतात ते. पंचवीस फुटी दोरी म्होरकीला, तुम्ही मध्यभागी, घोडा कडेनं. दोरी, काठी आणि घोडा यांचा त्रिकोण व्हायला हवा, म्हणजे तुम्ही त्याच्या पोटाच्या रेषेत. खांद्याच्या पुढं गेलात तर तो थांबेल किंवा वळेल, फार मागं राहिलात तर पळेल.

आधी फक्त चाल, मग दुडकी (चालीच्या वरची, उडत्या पावलांची गती). चौखूर, म्हणजे दौड, नको. कोवळ्या सांध्यांवर गोल फिरण्याचा ताण सरळ चालण्यापेक्षा जास्त येतो, म्हणून दहा ते पंधरा मिनिटं, दर दोन मिनिटांनी दिशा बदलून. ‘दमवला की शांत होतो’ म्हणून अर्धा तास पळवणाऱ्यांच्या हाती महिन्याभरात एवढंच लागतं की घोड्याचा दम वाढतो आणि दमवायला पाऊण तास लागतो.

> तपासा: नुसत्या ‘थांब’वर तो कडेला उभा राहतो का? काम संपल्यावर नाडी बघा: जबड्याखाली बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. पंधरा मिनिटांत ६० च्या खाली यायला हवी. नाही आली तर काम जास्त झालं किंवा ऊन जास्त होतं.

## पायरी ४: खोगीर

नमदा आधी हुंगू द्या, खांद्यावर घासा, पाठीवर ठेवा, काढा. दहा-बारा वेळा, दोन्ही बाजूंनी. मग खोगीर, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) वर सरकवलेल्या, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) उजव्या बाजूला वर टाकलेला. खोगीर आदळू नका, वरून अलगद टेकवून किंचित मागं सरकवा म्हणजे केस सरळ राहतात. खांद्याच्या उंचवट्यावर तीन बोटं जागा मोकळी हवी.

तंग कोपराच्या मागं चार बोटांवर. एकदम आवळू नका, पण सैलही सोडून चालवू नका. नवशिके इथंच फसतात. सैल तंगाचं खोगीर पोटाखाली घसरलं की घोडा जिवाच्या आकांतानं लाथा झाडतो आणि ती भीती महिनोन्महिने जात नाही. खोगीर सरकणार नाही इतपत आवळा, दोन पावलं चालवा, एक भोक वाढवा, पुन्हा दोन पावलं. शेवटी दोन बोटं जेमतेम जावीत. मग गोल फिरवा. पहिल्यांदा तो पाठ कमान करून उसळेल; ओरडू नका, थांबवूही नका, पुढं चालतं ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी रिकिबी खाली सोडून पोटावर आपटू द्या.

## पायरी ५: लगाम

तोंडाची रुंदी दोरीनं मोजा. कडी दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर बाहेर राहावी. कडीला गूळ चोळा. ओठांच्या कोपऱ्यात जिथं दात नसतात तिथं अंगठा घाला, तोंड उघडेल. दातांवर कडी ठोकत बसू नका. कान वाकवून पट्टा ओढू नका, पट्टा सैल करून कानांवरून न्या. ओठांच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडली म्हणजे उंची बरोबर.

पहिला आठवडा लगामाला दोऱ्या लावायच्याच नाहीत. रोज पंधरा-वीस मिनिटं तोंडात राहू द्या, तो चघळेल, जिभेनं खेळेल. वळवायचं काम अजून म्होरकीवरच.

वरातीसाठी नाचवलेलं शिंगरू कधीकधी कोरं म्हणून विकलं जातं. लगामाला हात लागताच ते पुढचे पाय उचलून जागच्या जागी थुईथुई करतं. बघायला छान, वर बसायला नाही. अशा घोड्याला दोन महिने लगाम दाखवू नका, पायरी दोन पुन्हा पहिल्यापासून. रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्यांची गोष्ट निराळी. ते कोरे नसतात, पण चालता चालता स्वाराला उचलून पाठीवर बसवलं जाण्याची आणि लगाम ताणला की वेग वाढवण्याची त्यांना सवय असते. त्यांना उभं राहायला शिकवणं हेच पहिलं काम.

## पायरी ६: लांब दोऱ्या

दोन्ही पंचवीस फुटी दोऱ्या लगामापासून रिकिबींतून मागं घ्या. रिकिबी पोटाखालून एकमेकींना बांधा म्हणजे झुलणार नाहीत. तुम्ही दहा फूट मागं आणि एका बाजूला, थेट पाठीमागं कधीच नाही. लाथेच्या टप्प्यात तीन ते आठ फुटांचं अंतर सगळ्यात वाईट. एकतर अंगाला चिकटून राहा, नाहीतर दहा फूट लांब.

ड्रम किंवा विटा मांडून त्यांच्यामधून वळवा. बोटं मिटणं-उघडणं एवढाच दाब. सरळ, डावीकडं, उजवीकडं, थांब, दोन पावलं मागं. ही पायरी लोक सरसकट गाळतात आणि मग वर बसून लगाम खेचत तेच शिकवतात, तेही तोल सावरण्याच्या नादात.

> तपासा: रिंगणाबाहेर, कच्च्या वाटेवर, तुम्ही मागं चालत असताना तो एकटा पुढं जातो का? थांबतो का? दोन्ही जमलं तरच सातवी पायरी.

## पायरी ७: चढणं

आधी दहा मिनिटं गोल फिरवून घ्या. जोडीदार बागडोर धरून डोक्याजवळ, तुमच्याच बाजूला. स्वार दोन फुटी भक्कम स्टुलावर.

पहिला दिवस: स्टुलावर उभं राहून नुसतं वर-खाली व्हा, खोगिरावर हात आपटा. पुरे.

दुसरा-तिसरा दिवस: पोटावर आडवं पडा, दहा सेकंद, उतरा. दोन्ही बाजूंनी. तो शांत असेल तर तसेच आडवे असताना जोडीदारानं एक पाऊल चालवावं, मग तीन.

त्यानंतर पाय पलीकडं. पाय टाकताना त्याच्या पुठ्ठ्याला बूट घासू देऊ नका आणि पहिली काही मिनिटं अंग वाकवूनच ठेवा. डोक्यावर एकदम उंच आकार दिसला की घोडा पुढं सुटतो. खोगिरात धपकन बसू नका. पाच मिनिटं, फक्त चाल, बागडोर जोडीदाराच्या हाती. घाबरला तर लगामाच्या दोन्ही दोऱ्या ओढायच्या नाहीत: एका बाजूची दोरी हळूहळू मांडीकडं आणा, मान वळेल, मागचा पाय ओलांडेल, तो थांबेल. हे चालीत किंवा हळू दुडकीत करायचं. भरधाव असताना मान झटक्यानं वळवली तर दोघंही पडतात.

पहिले दोन आठवडे पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. आठवड्यातून चार-पाच दिवस पुरेत.

> थांबा: खोगीर घालताना चावायला येणं, पाठीवर हात दाबल्यावर खाली वाकणं, एका पायावर लंगडणं. यातलं काही दिसलं तर स्वारी बंद, डॉक्टर आधी. मागच्या पायांवर दोनदा उभा राहिला, तरीही स्वतःच्या हिमतीवर पुढं रेटू नका.

## पायरी ८: रस्ता, ढोल, फटाके

जून-जुलैत शिकवायला घेतलेला घोडा बाहेर काढायच्या बेताला येतो तेव्हा पुण्यात ढोल-ताशा पथकांचे सराव ऐन रंगात असतात. त्याचा उपयोग करून घ्या, पण लांबून. आवाज ऐकू येतो पण तो चरत राहतो, इतक्या अंतरावर हातात बागडोर धरून उभे राहा. दर दोन-तीन दिवसांनी वीस-पंचवीस पावलं जवळ. चरणं थांबलं की तेच आजचं अंतर. मिरवणुकीत मात्र पहिल्या वर्षी नेऊच नका. दिवाळीचे चार दिवस काम बंद, घोडा आत, बांधलेला नाही, पुढ्यात भरपूर चारा.

रस्त्यावर पहिल्यांदा जाताना सोबत जुना, शांत घोडा हवा. तो वाहनांच्या बाजूला, कोरा आतल्या बाजूला. डंपर येताना दिसला तर कडेला घेऊन घोड्याचं तोंड त्याच्याकडं करून उभे राहा. मागून येणारा आवाज त्याला जास्त घाबरवतो. पावसाळ्यात डांबरावर दुडकी नको, आणि परतल्यावर खुरांच्या खोबणीतला चिखल हुकानं रोज काढा, नाहीतर तिथं काळं, घाण वासाचं कुजणं सुरू होतं.

घराकडं तोंड वळलं की चाल वाढते. तिथं लगाम खेचत बसू नका. थांबवा, मागचा भाग वळवून तोंड पुन्हा उलट दिशेला करा, वीस पावलं जा, परत वळा. तबेला दिसायला लागल्यापासूनचा शेवटचा टप्पा उतरून, तंग एक भोक सैल करून, चालत करा. दाणा पोचल्यावर लगेच नाही, अंग सुकून श्वास संथ झाल्यावर, साधारण तासाभरानं.